एअर फिल्टर

होटगी रोडला आमच्या शोरूमची काच इतकी स्वच्छ
की चिमण्या येऊन आपटतात.
काचेपलीकडे एसी, मशीनची कॉफी,
सोफ्यावर मोबाइल बघत बसलेले गाडीमालक.
अलीकडे, पत्र्याखाली, आम्ही.
एप्रिलात बेचाळीस. मे महिन्याचं विचारू नका.

जॉबकार्डावर दोन रकाने असतात,
'तपासले' आणि 'बदलले'.
खूण कुठे करायची
ते खारोसेकर साहेब पेनाच्या टोपणाने दाखवतात,
तोंडाने काही म्हणत नाहीत.
पहिल्या महिन्यात मी एकदा विचारलं होतं.
टार्गेट असतं रे, म्हणाले,
आणि पाठीवर हात ठेवला.
मायेने ठेवला, हेच वाईट.

मग शिकलो.
जुना फिल्टर काढायचा,
कॉम्प्रेसरच्या नळीने फुंकायचा.
आपल्या गावची धूळ, कापसाची कूस मिसळलेली,
थोडी हवेत, थोडी आपल्याच छातीत.
परत बसवायचा.
चार क्लिपा. खट खट खट खट.
नवा फिल्टर खोक्यातून न निघता
तीनदा विकला जातो.

मादगुंडींची गाडी पांढरी, सात वर्षांची.
अक्कलकोट रोडला त्यांचे बारा माग, टॉवेलचे.
मागच्या सीटवर एखादा गठ्ठा कायमचाच,
दोऱ्या सैल झालेला.

त्या दिवशी कव्हर उघडलं
तर फिल्टरच्या घडीत, अगदी कोपऱ्यात,
लाल धागा.
घडीभोवती फिरवून बांधलेला.

गाठ मी ओळखली.
आमच्या घरात ती दिवसाला शंभरदा पडते.
आई कांड्या भरते, मी जन्मलो त्याच्या आधीपासून.
तुटलेला धागा जोडताना ती बघतसुद्धा नाही.
कापडावरून हात फिरवा, गाठ लागत नाही.
ओढून बघा, धागा दुसरीकडे तुटतो.

नखाने निघाला असता.
कात्री तर खिशातच होती.
टोपण 'बदलले'वर टेकलेलं होतं.
मी फुंकलं. धागा थरथरला, राहिला.
धाडस वगैरे काही नाही,
उन्हाने डोकं चालत नव्हतं, असंही असेल.
खट. खट. खट.
चौथी क्लिप जरा उशिरा.

तिसऱ्या दिवशी ते आले.
टॉवेलच्या प्लास्टिक पिशवीतून फिल्टर काढला,
काउंटरवर ठेवला, शेजारी बिल.
आवाज चढवला नाही.
सहाशे ऐंशीच्या आकड्याखाली बोट धरून
नुसते उभे राहिले,
मापात कमी भरलेल्या टॉवेलवर
गिऱ्हाईक धरतं तसं.

साहेब हसले.
"मेकॅनिकची चूक, सर. नवीन पोरगा आहे."
मी तिथे पाच वर्षं आहे.

मग ते काचेचं दार ढकलून
आमच्या बाजूला आले. उन्हात.
"दिसला नव्हता का तुला?"
"दिसला."
"मग?"
मला एवढंच सुचलं:
"आई कांड्या भरते."

त्यांनी मान हलवली,
पटल्यासारखी की मोजल्यासारखी, कळलं नाही.
त्यांच्यासमोर खोकं फोडलं.
नव्या कागदाचा वास आला,
जूनमधल्या वहीचा.
जुन्या फिल्टरवरचा धागा मी कापून घेतला,
गाठीपासून लांब.

पगारातून सहाशे ऐंशी गेले.
पावतीवर रकाना: 'इतर'.

रात्री आईने पँट धुवायला घेतली,
खिसे उलटे केले.
धागा दिव्याखाली धरला,
दोन्ही टोकं ओढून पाहिली.
"कुठल्या मागावरचा रे?"
गाडीतला आहे, मी म्हटलं.
"गाडीत कसला आलाय माग,"
ती म्हणाली,
आणि साबण मागितला.